पुढच्या हाताचा कापूस : वेचणीच्या नोंदी, हंगाम २०२४-२५

१८ सप्टेंबर २०२४

पाच एकर कोरडवाहू पऱ्हाटी (कापसाचं उभं पीक), राळेगाव तालुका, भारी काळी जमीन. बोंडं भरत आली, दसऱ्यानंतर फुटतील. लागवडीत यंदा नवं काहीच नाही. बियाणं, खत, अंतर सगळं दरवर्षीचं. नवं काय ते वेचणीपासून गाडी खाली होईपर्यंत. ते काम असं करून पाहायचं की आपल्यामागून ज्याच्या हातात हा कापूस जाईल, त्याला आपली घाण निवडत बसावं लागू नये.

डोक्यात हे आलं ते गेल्या जानेवारीत. गाडीसोबत जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्यात, गेले होते. तिथं ढिगाभोवती बाया बसलेल्या. दिवसभर एकच काम, कापसातून नको ते उपसून काढायचं. त्यांच्या शेजारच्या टोपल्यात काय काय होतं ते सांगते : खताच्या चुंगडीचे (प्लास्टिकच्या पोत्याचे) पांढरे-पिवळे धागे, सुतळी, केस, बिस्किटाचे कागद, आणि सगळ्यात जास्त खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) प्लास्टिक पन्न्या. एकीनं मला निळा धागा दाखवला. हा एकदा मशीनमध्ये गेला की त्याचे तुकडे तुकडे होतात, मग तो कोणाच्या बापाला सापडत नाही, म्हणाली. सुतात जातो, कापडात जातो, आणि कापड रंगवलं की त्याच्यावर रंग चढत नाही. अख्खा तागा नापास.

तो धागा आमच्या गाडीतलाच असावा. निळ्या पट्टीच्या चुंगड्या आमच्याच होत्या.

कोणाला हे करून पाहायचं असेल तर कामाला यावं म्हणून तारखेनं लिहीत आहे. पैसे किती वाढले हे पाहायला आलेल्यांनी सरळ १४ डिसेंबरची नोंद वाचावी.

२३ सप्टेंबर

पहिलं काम झोळ्यांचं. बाया कमरेला जे बांधतात ते बहुतेक जुनी ओढणी नाहीतर लुगड्याचा तुकडा. झोळी भरली की धुऱ्यावर (बांधावर) खताच्या चुंगडीत रिकामी. म्हणजे दोन जागा दुरुस्त करायच्या : झोळी आणि चुंगडी.

घरातल्या जुन्या साड्या फाडून झोळ्या शिवल्या. खर्च शून्य म्हणून खूश होते. सासूबाईंनी एक झोळी हातात घेतली, काठ चोळला आणि पुढं केला. बोटांवर चमकणारे तंतू. आताच्या रोजच्या साड्या सगळ्या पॉलिस्टर, फाडलेल्या काठाला सुटणारा धागा चुंगडीपेक्षा बारीक आणि दिसायला कठीण. सगळ्या झोळ्या बाद. पुसायला ठेवल्या.

मग बाजारातून मांजरपाट आणलं. ५५ रुपये मीटर, ३८ मीटर, २,०९०. त्यात बारा झोळ्या आणि चार मोठी फडकी. फडक्यात कापूस गाठोडं बांधून घरी आणायचा, चुंगडी वावरात जाऊच द्यायची नाही. शिलाई ५२०. शिवणाऱ्या ताईला काठ दोनदा आत मोडायला सांगा, नाहीतर धुतल्यावर मांजरपाटही सुटतं. शिलाईचा दोरा सुती मागितला तर ती हसली. तो कुठं मिळाला नाही. साधाच वापरला, टाके बारीक घेतले.

३० सप्टेंबर

फवारणीचा प्रश्न. बोंडअळीसाठी एक फवारा राहिलाच होता. यांचं म्हणणं, मारून टाकू. काही बोंडं फुटायला लागली होती आणि पंधरवड्यात त्याच झाडांत बायांचे हात जाणार होते.

आमच्या जिल्ह्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. ती फवारणारी होती म्हणून त्यांची मोजदाद तरी झाली. फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला, वेचायला जाणाऱ्या बाईला खाज सुटते, डोळे जळतात, ती घरी जाऊन हळद लावते. तिची नोंद कुठंच होत नाही.

ठरवलं ते असं. फुटलेल्या पट्ट्यात फवारा नाही. खालच्या दीड एकरात बोंडं हिरवी आहेत, तिथंच मारला. त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना तुराटी रोवून लाल चिंध्या बांधल्या, आणि डब्यावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत त्या काढायच्या नाहीत असं ठरलं. चिंधी फुकट आहे. गावात याआधी कोणी बांधली नव्हती. दोन जणांनी विचारलं, नजर लागू नये म्हणून का?

१६ ऑक्टोबर

आज सीतादही. धुऱ्यावरच्या बाभळीखाली पूजा, दहीभात, मग पहिला वेचा. आठ बाया.

दिवस वाया गेला असं म्हणत नाही, पण मी ठरवल्यातलं काहीच झालं नाही. सकाळी आठला बाया आल्या तेव्हा झाडं दवानं ओली होती. मी म्हटलं, साडेनऊपर्यंत थांबू, पाला नको, कवडी (नीट न फुललेला, डागी कापूस) वेगळी ठेवा, खालच्या बोंडापासून वर वेचत जा म्हणजे वरचा वाळका पाला खालच्या फुटलेल्या बोंडावर पडणार नाही. सगळ्या हो म्हणाल्या. आणि सगळ्यांनी दरवर्षीसारखंच वेचलं.

संध्याकाळी काट्यावर बायांमधली मोठी काकू सरळ बोलली. ती वीस-बावीस वर्षं टोळी घेऊन फिरते.

"तू किलोनं पैसे देतं, अन् पाला काढ म्हणतं. पाला काढला का वजन कमी, अन् टाइम जाते तो वेगळाच. दव वाळू दे म्हणतं. दवाचंही वजन आमालेच भेटते ना वं माय. आमच्या पोटावर काहून?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ९ रुपये किलो हा गावचा दर. या दरात जी बाई ओला, पाल्यासकट, भराभर ओरबाडते तिला ४५० पडतात, आणि जी निगुतीनं वेचते तिला २५०. चांगलं काम करणारीलाच दंड बसेल अशी ही रीत, आणि मी त्या रीतीला हात न लावता बायांना उपदेश करत होते.

दोन दिवसांत साडेतीन क्विंटल निघाला. ओलाच घरात आला.

१९ ऑक्टोबर

किलो बंद, रोज चालू. ३५० रुपये रोज, साडेनऊला सुरुवात, निगुतीनं वेचा, घाई नाही. मला वाटलं प्रश्न सुटला.

कापूस खरंच सुंदर आला. पण बाईमागे जेमतेम २५ किलो. म्हणजे वेचाई ९ वरून १४ रुपये किलोवर. शिवाय ज्यांचा हात चलाख आहे त्या तीन बाया दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. शेजारच्या वावरात किलोनं जाऊन पाचशे घेऊन आल्या. त्यांचं काय चुकलं?

साडेनऊचंही जमेना. सकाळचा दीड तास बुडाला म्हणून संध्याकाळी उशिरापर्यंत थांबा म्हटलं, तर काकू म्हणाली, "घरी चूल कोण पेटवन? तू येतं का?" नळ साडेपाचला येतो, एक तास असतो. ती वेळ चुकली की हापशीवर रांग. हे मला ठाऊक होतं, मी स्वतः त्याच नळावर भांडते. पण ठरवताना डोक्यात आलं नाही.

२४ ऑक्टोबर

तिसरी पद्धत, आणि ही टिकली. पुढं सगळा हंगाम हीच चालवली, म्हणून सविस्तर लिहिते.

मजुरी किलोनंच. गावात दर १० झाला होता, तो १०. वर स्वच्छ मालाला किलोमागे २ रुपये जास्त.

स्वच्छ कोणतं हे कोण ठरवणार यावर पहिल्याच संध्याकाळी भांडण लागलं. मी प्रत्येकीचं गाठोडं वेगळं पाहत होते. एकीला दिले, दुसरीला नाही, की झालं. "माह्या गाठोड्यात पाला अन् तिच्या गाठोड्यात काय सोनं हाये?" दोघी नणंद-भावजय, त्यामुळं विषय कापसावरून मागं मागं जात लग्नापर्यंत गेला.

तेव्हा बदल केला. २ रुपये एकेकटीला नाहीत, मिळाले तर सगळ्या टोळीला. संध्याकाळी सगळी गाठोडी एका फडक्यावर ओतायची, हात घालून चार जागचा मिळून एक किलो नमुना काढायचा, तो एक वेचणारी बाई आणि मी मिळून निवडायचा. निवडलेला कचरा घरातल्या छोट्या काट्यावर. २५ ग्रॅमच्या आत असला तर सगळ्यांना २ रुपये. नमुना निवडणारी बाई रोज बदलायची.

पहिल्या दिवशी कचरा ४५ ग्रॅम भरला. कोणालाच पैसे नाहीत, आणि मला वाटलं आता परत सगळ्या जातील. गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वावरात मी काही बोललेच नाही, त्याच एकमेकींना बोलत होत्या. ३० भरला. त्याच्या पुढच्या खेपेला २०. नंतर वाळका पाला वाढला तेव्हा एक-दोनदा हुकलं, एरवी मिळत गेले. माझ्या तोंडच्या उपदेशापेक्षा बाईनं बाईला घातलेली एक हाक जास्त चालते, हे मला सासूबाईंनी आधीच सांगितलं होतं. ऐकलं नव्हतं.

दवाचा तोडगा काकूनंच काढला. आठला यायचं, पण झाडाला हात नाही लावायचा. दीड तास घरच्या अंगणात कालचा कापूस फडक्यावर पसरायचा, कवडी आणि किडकं बाजूला करायचं. त्याचे बाईमागे ४० रुपये वेगळे. मग वावरात. संध्याकाळी वेळेवर सुट्टी.

एक गोष्ट कृषी खात्याच्या पत्रकात अर्धीच असते. दव वाळल्यावर वेचा म्हणतात ते ओलाव्यासाठी बरोबर. पण दुपारी दोननंतर पाला इतका कडक होतो की हात लागला की चुरा, आणि चुरा निघत नाही. साडेनऊ ते एक हीच खरी चांगली वेळ. दुपारून आम्ही ज्या ओळींत पाला गळून गेलाय त्या घेतल्या.

२७ ऑक्टोबर

खर्र्याबद्दल. यावर विदर्भाबाहेरच्या माणसाला फार समजावावं लागेल, तेव्हा थोडक्यात : सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटतात, पन्नी तिथंच फेकतात. पुरुष खातात, बायाही खातात. खाऊ नका म्हणणं माझं काम नाही, आणि म्हणून उपयोगही नाही.

धुऱ्यावर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. पन्नी यात टाका. दोन दिवस डबा रिकामा आणि पन्न्या पिकाच्या ओळींत. डबा लांब होता, एवढंच कारण. जिथं बाया पाणी प्यायला येतात तिथं, पाण्याच्या माठाला खेटून ठेवला. तेव्हापासून भरतो. आता यांची पन्नीही त्यात पडते. सतरा वर्षांच्या संसारात मला हे घरात जमलेलं नाही.

माठाचंही लिहिते. आधी प्रत्येक बाई घरून प्लास्टिकची बाटली आणायची, दुपारी पाणी गरम, म्हणून कमी प्यायची. दोन माठ बाभळीखाली ठेवले, ओलं फडकं गुंडाळून. ३६० रुपये. हा खर्च मी कापसाच्या हिशेबात धरलेला नाही.

हातमोज्यांचा प्रयोग एका दिवसात संपला. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटात घुसतात, संध्याकाळी बोटं भाकरीचं पीठ मळायला नको म्हणतात. म्हणून सुती हातमोजे आणले. मोज्यात कापूस अडकतो, बोंडाची पाकळी अडकते, वेग अर्धा. काढून ठेवले. बायांनी बोटांना चिकटपट्टी गुंडाळायचा आपला जुना उपाय काढला, तर मीच अडवलं, ती सुटून कापसात पडते म्हणून. आता मांजरपाटाच्या उरलेल्या पट्ट्या बोटांना बांधतात. बरं आहे, फार बरं नाही.

केस मात्र सोपे निघाले. बाया तशाही वेचताना नवऱ्याचा जुना फुल शर्ट वरून घालतात, अंग ओरबाडू नये म्हणून. डोक्याला सुती रुमाल घट्ट बांधा एवढंच सांगावं लागलं.

५ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी. घरातला कापूस पाहायला वेळ मिळाला, आणि धक्का बसला.

१६-१७ तारखेचा तो ओला साडेतीन क्विंटल मागच्या खोलीत कोपऱ्यात रचलेला होता. त्यावर दिवाळीच्या साफसफाईत चादरी, भांडी, सगळं ठेवलेलं. ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर आतून गरम. बाहेर काढला तो मधला भाग पिवळा पडलेला, कुबट वास. वर पांढरा, म्हणून कोणाला कळलं नाही.

अंगणात पसरला, रोज उलथला. वास गेला, रंग गेला तो गेला. सरकी दाताखाली धरून फोडली की वाळलेली कट्ट वाजते, ओली असेल तर नुसती दबते. गावात सगळे असंच पाहतात. आम्ही ठेवताना पाहिलं नव्हतं.

हा माल चांगल्यात मिसळायचा का? यांचं म्हणणं होतं, दहा क्विंटलमध्ये साडेतीन जिरून जातो, सगळेच जिरवतात. जिरतो हे खरं आहे. पण मग झोळ्या, फडकी, ४० रुपये हे कशासाठी चाललंय? रात्री बरंच बोलणं झालं. शेवटी सासूबाईंनी विषय संपवला, त्यांना सकाळी पिवळा कापूस चुलीशेजारून उचलून हवा होता. गावातल्या व्यापाऱ्याला वेगळा दिला, काय आहे ते सांगून. ६,४०० रुपये क्विंटल. सांगितलं नसतं तर कदाचित ६,७०० मिळाले असते.

साठवणीत बदल : एक खोली फक्त कापसाला. खाली ताडपत्री अंथरली होती ती काढली, जुनी झाली की तीही धागे सोडते. सुती चादरी अंथरल्या. भिंतीपासून हातभर लांब ढीग, मधून हात जाईल इतकी जागा. कोंबड्या बाहेर. बिडी-काडी त्या दारातून आत नाही, पाहुण्यालाही नाही.

१९ नोव्हेंबर

उद्या विधानसभेचं मतदान. आठवडाभर वेचणी ठप्प. सभेला गेलं की रोज मिळतो, जेवण मिळतं, गाडीत बसून जायचं, बोटांना काही टोचत नाही. मीही गेले असते.

वावर पांढरं झालंय. बोंडं फुटून लोंबायला लागली, काही कापूस मातीला टेकला. पाला पूर्ण वाळलाय. यापुढच्या वेच्यात कचरा वाढणार, २५ ग्रॅमची मर्यादा बायांवर अन्याय होईल. ३५ केली, आणि तसं त्यांना आधी सांगितलं. मातीला टेकलेला कापूस वेगळ्या झोळीत.

२८ नोव्हेंबर

पहिली गाडी. सीसीआयच्या (हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीला. लांब धाग्याचा हमीभाव यंदा ७,५२१ रुपये क्विंटल, तो ८ टक्के ओलाव्याला. वर प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्क्यानं कमी, आणि १२ च्या वर गेला की घेतच नाहीत. शेतकरी गटाकडचं ओलावा मोजायचं मीटर आदल्या दिवशी मागून आणलं होतं. ढिगात तीन ठिकाणी टोचलं, ८, ९, ९.

गाडीचं कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते. पिकअप आली ती सोयाबीनचं कुटार (भुसा) आणि खताच्या पिशव्या वाहून आलेली. तळाला कुटार, कोपऱ्यात फुटक्या चुंगडीचे धागे. दोन महिने जपलेला कापूस त्याच्यात ओतायचा होता. ड्रायव्हरला म्हटलं, पंधरा मिनिटं थांबा. त्यानं घड्याळ दाखवलं, रांगेत नंबर मागं जाईल म्हणाला. झाडलं, पुसलं, तळाला फडकी अंथरली. नंबर मागं गेलाच. दुपारी पोहोचण्याऐवजी रात्र तिथंच काढावी लागली, गाडीचं थांबण्याचं ६०० जास्त. पुढच्या खेपेला मी गाडी आदल्या संध्याकाळी बोलावली, फुकट झाडून झाली.

सकाळी ग्रेडरनं (मालाची प्रत ठरवणाऱ्यानं) वरून, मधून, खालून मूठ काढली. खालची मूठ पाहून एकदा वर पाहिलं. बोलला काही नाही. मीटरवर ९. ७,४४५ रुपये ७९ पैशांनी ११ क्विंटल गेला.

मग गाडी खाली करायला आत. आमच्या आधीच्या ट्रॅक्टरचा ढीग तिथं पडलेला होता, त्यात चुंगडीचं अख्खं तोंड सुतळीसकट दिसत होतं. आमचा कापूस त्याच ढिगावर ओतला. मी हात वर केला तोपर्यंत यंत्रानं दोन्ही कालवून टाकलं.

तिथल्या बायांपैकी एकीनं गाडीतली फडकी उचलून घडी करून दिली. "तुमच्या गाडीत काही नाई भेटलं," म्हणाली. मी विचारलं, मग काम हलकं झालं का? "काम काय हलकं होते, बाई. दुसरी गाडी येतेच ना."

परतताना यांनी काही टोमणा मारला नाही. मारायला हवा होता, बरं वाटलं असतं.

१४ डिसेंबर

हिशेब. दुसरी खेप ८ क्विंटल, ओलावा ८, पूर्ण ७,५२१ मिळाले. आता वावरात फक्त शेवटचा वेचा.

नेहमीपेक्षा जास्त झालेला खर्च असा. कापड आणि शिलाई २,६१०. किलोमागे २ रुपये, साधारण २२ क्विंटलवर, ४,४०० (शेवटचा वेचा अंदाजानं धरून). सकाळच्या कामाचे ४० प्रमाणे मिळून २,८०० च्या घरात. बेरीज ९,८१०. रोजंदारीच्या फसलेल्या दिवसांचे आणि गाडीचे ६०० वेगळे.

मिळालं काय? इथं मला वाटत होतं त्यापेक्षा वेगळं निघालं, म्हणून नीट वाचा. १२ टक्के ओलाव्याचा माल नेला असता तर भाव ७,२२० मिळाला असता. आम्हाला ७,४४५ आणि ७,५२१. म्हणजे क्विंटलमागे सव्वादोनशे ते तीनशे रुपये जास्त. १९ क्विंटलवर ४,९०० च्या जवळपास. पण ओल्या मालात तेवढं पाण्याचं वजनही जास्त असतं. टक्क्याला टक्का कापतात, म्हणजे जे भावात मिळालं ते वजनात गेलं. वाळवून फायदा होतो हे जे आपण ऐकतो ते भावापुरतं खरं, पैशात जवळजवळ बरोबरी. वाळवण्याचा खरा उपयोग दोनच ठिकाणी : माल १२ च्या वर जाऊन गाडी परत येत नाही, आणि घरात ठेवलेला पिवळा पडत नाही. आमच्या साडेतीन क्विंटलला झालेलं नुकसान पाहा, क्विंटलला हजाराच्या वर.

पाला, पन्नी, धागा नसण्याचे वेगळे पैसे कोणी दिले नाहीत. सीसीआयनं नाही, व्यापाऱ्यानं तर नाहीच. म्हणून जो कोणी हे फक्त पैशासाठी करणार असेल त्यानं सुकवण आणि साठवण एवढंच करावं, बाकी सोडून द्यावं. मी हे लपवत नाही.

दुसरी बाजूही आकड्यातच आहे. त्या ९,८१० पैकी ७,२०० रुपये बायांच्या हातात गेले. मी ते तोट्याच्या रकान्यात लिहिले होते. यांनीच खोडून मजुरीच्या रकान्यात लिहिले. कापड आणखी दोन-तीन हंगाम चालेल.

एक गोष्ट पैशात मांडता येत नाही म्हणून मागं राहिली होती. फवारणीचा पंप आता यांनी धुतल्याशिवाय आत येत नाही. विळा वापरून झाला की पुसून खुंटीला. कोणी सांगितलं नाही. पोरगा परवा शाळेतून आल्यावर विचारत होता, हापशीवर बादली ठेवताना दांडा कोणत्या बाजूला ठेवायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला लागणार नाही. हे मात्र जरा जास्त झालं.

८ जानेवारी २०२५

शेवटचा वेचा संपला. साडेचार क्विंटल, कवडीचं प्रमाण जास्त, धागा आखूड. वेगळाच ठेवला, खासगीत ६,६०० नं दिला.

फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर पाणी देऊन त्याच झाडांचं पुन्हा पीक, घ्यायची नाही. झाडाला अजून हिरवी बोंडं आहेत, एक पाणी दिलं तर फेब्रुवारीपर्यंत दोन-अडीच क्विंटल निघेल असं यांना वाटतं. निघेलही. पण डिसेंबरनंतर उभी ठेवलेली पऱ्हाटी म्हणजे गुलाबी बोंडअळीला आयतं घर. ती आमच्या वावरात थांबते आणि पुढच्या हंगामात धुऱ्यापलीकडच्या माणसाच्या बोंडात जाते. शेजारच्या काकांनी गेल्या वर्षी फरदड ठेवली होती, तेव्हा आम्ही किती बोललो त्यांना. पऱ्हाटी उपटायला परवापासून माणसं सांगितली आहेत. जळणाला थोडी घरी, बाकी कुटी (बारीक तुकडे) करून वावरात.

झोळ्या धुऊन, उन्हात वाळवून सुती गाठोड्यात बांधल्या. दोन फाटल्या, दोन बाया घरी घेऊन गेल्या, त्या बहुतेक येणार नाहीत. फडकी चारही आहेत. माठ एक फुटला.

काल काकू आली होती, पुढच्या हंगामाचं बोलायला. जानेवारीत कोणी वेचाईचं बोलत नाही, ती बोलली. टोळी आमच्याकडं पहिली येईल, पण २ चे ३ हवेत, आणि सकाळचे ४० ऐवजी ५०. शिवाय कचऱ्याची मर्यादा पहिल्या वेच्यापासूनच ३० ठेवायची, २५ नाही. मी २ रुपये ५० पैसे म्हटलं. ती म्हणाली विचार करून सांगते. मी ५० कबूल केले आहेत, ३० कबूल केले आहेत. वरच्या ५० पैशांवर अडलं आहे.